न चाखता केलेलं रोस्ट

आमचे शेजारी माझ्याकडे मदत मागायला आले तेव्हा आधी दहा मिनिटं कुंपणाबद्दल बोलले. इंग्रज माणूस मदत मागत नाही. तो हवा, कुंपण, कचऱ्याचे डबे असं काहीबाही बोलत राहतो आणि बाकीचं आपण ओळखायचं असतं. मला साउथहॅम्प्टनला येऊन तोवर सहा वर्षं झाली होती, त्यामुळे एवढं कळत होतं. मी चहा ठेवला. अर्धा कप झाल्यावर म्हातारबुवा म्हणाले, "मी मुलीला थाप मारली आहे."

म्हातारबुवा हे माझ्या मनातलं नाव. तोंडावर अर्थात मिस्टर अमुकच. वय एक्क्याऐंशी, आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवलेली, बायको जाऊन दीड वर्ष झालेलं. तेव्हापासून ते टोस्ट आणि डब्यातलं बिनमिठाचं सूप यांवर दिवस काढत होते. मागच्याच महिन्यात सूपचं पातेलं गॅसवर ठेवून ते बागेत गेले आणि तिथेच रमले. पातेलं जळलं, धुराचा अलार्म वाजला आणि समोरच्या बाईंनी कर्तव्यबुद्धीने कार्डिफला त्यांच्या मुलीला फोन केला. मुलगी एकुलती एक, तिकडे एका शाळेत मुख्याध्यापिका. तिने ताबडतोब आपल्या घराजवळच्या केअर होमचं माहितीपत्रक मागवलं.

म्हातारबुवा बावन्न वर्षं त्या घरात राहत होते. घाबरून त्यांनी फोनवर ठोकून दिलं, की त्या पातेल्याचं सोड, मी दर रविवारी तुझ्या आईसारखं रोस्ट बीफ करतो, यॉर्कशर पुडिंगसकट. मुलगी म्हणाली, "मग या रविवारी मी जेवायलाच येते."

"ती परीक्षा घ्यायला येतेय," म्हातारबुवा मला म्हणाले. "जेवण नीट झालं तर मी इथे. नाही झालं तर कार्डिफ."

"पण तुम्हाला येतं का रोस्ट?"

"ओव्हन कुठल्या बटणाने लागतो तेही ठाऊक नाही."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी डॉक्टरीणबाईंचा नवरा. बायको इथल्या हॉस्पिटलात बाळंतपणं करते, तिच्या व्हिसाच्या शेपटीला धरून मी आलो. साताऱ्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होतो. इथे कौन्सिलच्या लायब्ररीत आठवड्यातले तीन दिवस पुस्तकं लावायचो आणि उरलेले चार दिवस स्वयंपाक करायचो. आमच्या गल्लीत दिवसाढवळ्या स्वयंपाकघरात दिसणारा पुरुष मी एकटाच. म्हातारबुवांनी त्यावरून सरळ हिशोब केला, की हा करतो म्हणजे याला येतं. मी जन्मात मांस खाल्लेलं नाही, शिजवलेलं तर नाहीच नाही, हे त्यांना माहीत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार, त्यातली काडी शाकाहारी आहे की मांसाहारी हे कोण बघत बसतो?

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. म्हातारबुवांकडे मी खाल्ली होती ती फक्त चहाबरोबरची आल्याची बिस्किटं. पण पहिल्या वर्षी मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झालो तेव्हा हा माणूस रोज संध्याकाळी माझ्या शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसला होता. राउंडअबाउटला मी चुकीच्या लेनमध्ये घुसायचो आणि ते फक्त "हं" म्हणायचे. बायको बाजूला बसली असती तर आज आमचा घटस्फोट झालेला असता. मी म्हातारबुवांना हो म्हटलं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती ड्यूटीवरून येऊन बूट काढत होती.

"अरे, आर यू सीरियस? अंडं फोडताना तू तोंड फिरवतोस आणि तू बीफ करणार?"

"फक्त करणार. खाणार नाही."

"आमच्याकडे दर रविवारी मटण व्हायचं, पण बीफ आमच्या आईनेसुद्धा कधी घरात आणलं नाही. सिंपल आहे ना, सुपरमार्केटचं रेडी मील आण आणि ओव्हनमध्ये टाक."

"आणि तिने त्याचं खोकं बघितलं तर?"

"बिनमध्ये टाक."

"मुख्याध्यापिका आहे. बिन बघेल."

बायकोने यावर विचार केला. "पॉइंट आहे," ती म्हणाली. "मी त्या संडेला ऑन-कॉल आहे हं, मला फोन करू नकोस. आणि शिट्ट्या मोजत बसू नकोस, ते कुकरमध्ये करत नाहीत."

शनिवारी म्हातारबुवांनी त्यांच्या बायकोच्या हातचं कार्ड आणून दिलं. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, तुपकट, कोपरे झिजलेले, बारीक तिरकं अक्षर. टॉपसाइडचा, म्हणजे मांडीच्या मांसाचा, तुकडा इतक्या वजनाचा, त्याला मोहरीची पूड आणि मैदा चोळायचा, आधी ओव्हन कडक मग मंद, बटाटे अर्धवट उकडून पातेल्यातच हलवायचे म्हणजे कडा खरबरीत होतात, पुडिंगचं पीठ तासभर बाजूला ठेवायचं, आणि काहीही झालं तरी ओव्हनचं दार उघडायचं नाही. यात मिठाचा उल्लेख कुठेच नव्हता. जिला मीठ घाल म्हणून सांगावं लागतं तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये, असं त्या बाईंचं मत असावं. आमच्या आईचंही तेच होतं.

आईमुळेच तर मला या कामात थोडा धीर होता. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत. देवाच्या आधी जिभेला लावायचं नाही, म्हणजे नाही. आईचे हात दुखायला लागल्यापासून गणपती-गौरींचा सगळा स्वयंपाक मी तिच्या देखरेखीखाली केलेला, त्यामुळे वासावर, रंगावर आणि उकळीच्या आवाजावर चव ओळखायची सवय झालेली. मिठाचा तिचा खास नियम होता. मीठ शेवटी घालायचं, सगळ्या पदार्थांत एकदम, ओळीने, आणि घालताना कुणाशी बोलायचं नाही. म्हणजे कशात पडलं आणि कशात राहिलं हा घोळ होत नाही. मग पानं वाढली, पहिला घास कुणी उचलला, की त्या माणसाच्या तोंडाकडे बघत म्हणायचं, "मीठ बघा हं, चाखलेलं नाही." हे वाक्य म्हटल्याशिवाय आमच्या घरात सणाचं जेवण सुरूच होत नसे.

तर न चाखता स्वयंपाक करायचं रीतसर शिक्षण माझं झालेलं होतं. ते गोमांसाच्या कामी येईल, एवढं फक्त आईला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हातारबुवांच्या घरात मीठ नव्हतं. ब्लडप्रेशरपायी त्यांच्या डॉक्टरांनी बंद केलेलं, आणि इतक्या वर्षांत त्यांना त्याची आठवणही उरली नव्हती. माझ्या घरातल्या बरणीला हळदीची बोटं लागलेली, ती तिथे न्यायची म्हणजे पुरावाच. म्हणून मी दुकानातून मिठाचा नवा डबा आणला.

रविवारी सकाळी मी अंघोळ करून, काही न खाता कामाला लागलो. असं करायची काही गरज नव्हती, पण न चाखायचा स्वयंपाक म्हटल्यावर अंगाने आपोआप जुनी रीत धरली. निघताना साताऱ्याहून आईचा नेहमीचा रविवारचा फोन आला.

"आज काय बेत?"

"बटाटे," मी म्हटलं.

"नुसते बटाटे?"

"भाजलेले. आणि गाजर, कोबी."

"बरं आहे. पोटाला हलकं," आई म्हणाली.

म्हातारबुवांच्या स्वयंपाकघरात तो तुकडा ताटलीत वाट बघत होता. सुतळीने बांधलेला, लाल, ओला.  मला वाईट वाटलं, हे कबूल करतो, आणि आपण हे करतोय याची लाजही वाटली. मग मी भांडी घासायचे नवेकोरे पिवळे ग्लव्हज चढवले आणि कणकेचा गोळा आहे असं मनाशी म्हणत त्याला मोहरी आणि मैदा चोळला. म्हातारबुवा स्टुलावर बसून कार्ड वाचत होते. ट्रे ओव्हनमध्ये सरकवताना त्यांनी सवयीने हातवारे सुरू केले. डावीकडे, अजून थोडं, सावकाश, आता सोड. बोटीवर कंटेनर ठेवावा तसं आम्ही ते बीफ ओव्हनमध्ये ठेवलं.

नंतरचं काम मला वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं. बटाटे शेवटी बटाटेच असतात. पुडिंगचं पीठ धिरड्याच्या पिठासारखं, ते मुरावं लागतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. ते तापलेल्या चरबीत ओतल्यावर आम्ही दोघं ओव्हनच्या काचेसमोर वाकून बसलो. बारा मिनिटांनी पुडिंगं टम्म फुगली. पुरी फुगल्यावर होतो तोच आनंद मला झाला, आणि म्हातारबुवांनी डोळे पुसले. धुरामुळे, असं ते म्हणाले, पण धूर काही नव्हता.

मांस बाहेर काढून ताटात ठेवलं आणि माझ्या हातांनी त्याच्यावर पार्सलीचं एक पान ठेवलं.

"हे कशाला?" म्हातारबुवांनी विचारलं.

"शोभेला," मी म्हटलं. नैवेद्यावर तुळशीचं पान ठेवतात हे त्यांना कुठे समजावत बसू?

आता राहिलं मीठ. ट्रेमधल्या रसाची ग्रेव्ही एका पातेल्यात, शेजारी कोबी, गाजर, बटाटे, सगळं आईच्या नियमाप्रमाणे ओळीने मांडलेलं. मी नवा डबा हातात घेतला आणि दाराची बेल वाजली.

ठरलेल्या वेळेला अजून चाळीस मिनिटं होती. मागच्या दाराने मी पसार व्हायचं, असा आमचा बेत होता. पण म्हातारबुवांनी, विचार न करता, जाऊन दार उघडलं. डॉक्टरांनी मनाई केलेली वस्तू मुलीला दिसू नये म्हणून मी डबा पावाच्या टोपलीमागे सरकवला. तेवढ्यात ती वासाच्या मागावर थेट स्वयंपाकघरात आली. तिच्या आईचा एप्रन आणि पिवळे ग्लव्हज घातलेला एक काळासावळा माणूस तिच्यासमोर उभा होता.

"हे शेजारी," म्हातारबुवा म्हणाले. "जेवायला बोलावलंय. व्हेजिटेरियन आहेत, त्यामुळे आपल्या भाज्या स्वतःच बघतात."

एवढी तयार थाप मला सुचली नसती. मुलीने माझ्याकडे पाहिलं, एप्रनकडे पाहिलं आणि हात पुढे केला. मी ग्लव्ह काढून हस्तांदोलन केलं. पन्नाशीची, बारीक कापलेले केस, खांद्याला मोठी बॅग. बॅगेतून त्या माहितीपत्रकाचा चकचकीत कोपरा डोकावत होता. आमच्या दोघांचीही नजर तिकडे गेली.

तर असा मी त्या टेबलावर पाहुणा म्हणून बसलो. म्हातारबुवांनी सुरी घेतली आणि मांसाचे विटेएवढे काप काढले. मला बसवेना. आयुष्यात मी केलेला स्वयंपाक दुसऱ्याने वाढलेला नाही. ती दोन बटाटे घेऊन थांबली तेव्हा तिसरा तिच्या ताटात घालायला माझा हात शिवशिवत होता, तो मी मांडीखाली दाबून धरला. बोलायचं नाही, उठायचं नाही, वाढायचं नाही. दीड तास इंग्रजासारखं बसायचं, मग म्हातारबुवांचं घर वाचलं.

म्हातारबुवांनी पहिला घास घेतला आणि मान डोलावली. मग मुलीने मांसाचा तुकडा कापला, ग्रेव्हीत बुडवला आणि काटा तोंडाजवळ नेला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. आणि माझ्या तोंडून स्वच्छ इंग्रजीत बाहेर पडलं, "मीठ बघा हं, चाखलेलं नाही."

म्हातारबुवांची सुरी ताटावर थांबली. मुलीचा काटा हवेत थांबला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ग्लव्हज, एप्रन, सगळं पचलं होतं. मी एका वाक्यात बावन्न वर्षांचं घर घालवलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला मनापासून वाटलं. म्हातारबुवा ताटात बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते, नापास झालेल्या मुलासारखे.

मुलीने काटा तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मीठ अगदी बरोबर आहे," ती म्हणाली. "डॅड, छान झालंय."

आणि ती जेवायला लागली. पुन्हा मांस घेतलं, दोन पुडिंगं घेतली, ग्रेव्ही पावाने पुसून खाल्ली. मी मांडीखालचा हात काढून तिला तिसरा आणि चौथा बटाटा वाढला, तेही तिने संपवले. म्हातारबुवांच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि ते क्रेनच्या गोष्टी सांगू लागले. मी मनात म्हटलं, मुख्याध्यापिका असून बाई भोळी आहे. तिला काही कळलेलं नाही. सुटलो.

मी स्वतः दोन गाजरं आणि थोडा कोबी ताटात घेतला होता, पण धास्तीने घास उतरला नाही. ते मी नुसतं चिवडलं.

जेवण झाल्यावर म्हातारबुवा खुर्चीत घोरायला लागले. मुलगी भांडी धुवायला उभी राहिली, मी पुसायला. पाव ठेवायला तिने टोपली सरकवली आणि मागचा डबा उचलून माझ्यापुढे धरला.

"हा तुमचा ना?"

मी मान डोलावली. तिने झाकण काढलं. आतला कागदी पडदा शाबूत होता. तो कुणी फाडलेलाच नव्हता.

मी रिकाम्या पातेल्याकडे बघितलं. "म्हणजे ग्रेव्हीत..."

"ग्रेव्हीत नाही, बटाट्यात नाही, कोबीत नाही. डॅडना कळणार नाही, ते कित्येक वर्षं अळणीच खातात."

"मग तुम्ही बरोबर आहे का म्हणालात?"

तिने एक ताट खळबळून माझ्या हातात दिलं. "डॅडना अंडंसुद्धा उकडता येत नाही. हे मला मी सहा वर्षांची असल्यापासून माहीत आहे. मी रोस्ट बघायला आलेच नव्हते. आई गेल्यापासून फोनवर विचारलं, कोणी येतं का, की ते म्हणतात सगळं ठीक आहे. ते खरं किती, हे कार्डिफहून कळत नाही." मग ती थोडं हसली. "आज स्वयंपाकघरात आले तर पिवळे ग्लव्हज घातलेला माणूस."

 मी तेच ताट पुन्हा पुसत राहिलो.

भांडी झाल्यावर तिने बॅगेतून ते माहितीपत्रक काढलं, कागद कुठल्या बिनमध्ये जातो ते मला विचारलं आणि त्यात टाकलं. मग भिंतीला टेकवून ठेवलेलं आईचं कार्ड घेतलं. ते वाचताना तिचं हसू गेलं. पेन काढून तिने शेवटच्या ओळीखाली निळ्या शाईत एक शब्द लिहिला: मीठ. त्याच्यापुढे कंसात, वडिलांसाठी, चिमूटभरच. आणि ते कार्ड तिने माझ्या हातात दिलं.

"मी दर रविवारी एक वाजता फोन करते," ती म्हणाली. "ते काय जेवताहेत ते विचारीन."

ज्या बाईला फसवायला गेलो तिने मला असं कामाला लावलं. आधी एका रविवारी म्हातारबुवांना माझ्याकडचा आमटी-भात नेऊन दिला, मग दुसऱ्या, मग त्याची सवयच झाली. म्हातारबुवा त्या घरात आणखी तीन वर्षं राहिले. गेले तेही तिथेच, खुर्चीत, जेवणानंतरच्या झोपेत. साताऱ्याहून आलेल्या फोनवर आईने विचारलं, आवाज का असा? मी सांगितलं आणि रडलो. रोस्टचं सोडून सगळं सांगितलं. आई म्हणाली, शेजारी मिळायलाही नशीब लागतं.

ते कार्ड आता माझ्या ओट्याच्या वर आहे, त्याला हळदीची बोटंही लागली आहेत. बीफ मी पुन्हा केलं नाही आणि त्याची चव मला आजतागायत माहीत नाही. पण रविवारी एक वाजता कार्डिफहून फोन येतो. आज काय केलंय, असं ती विचारते. आमटी-भात, मी सांगतो.

"आणि मीठ?"

"तुम्ही सांगा," मी म्हणतो, "मी चाखलेलं नाही."

"अगदी बरोबर आहे," ती म्हणते.